जादा नराचा इतिहास

गिनिपिग पाळणारा माणूस पेरू देशातल्या डोंगरात राहणारा शेतकरी असो किंवा पुण्यात सदनिकेत राहणारी माझ्यासारखी निवृत्त शिक्षिका, एक प्रश्न त्याच्यापुढे हटकून येतो. पिल्लं होतात, त्यांतली साधारण निम्मी नर निघतात आणि वंश वाढवायला एकच नर पुरतो. मग बाकीच्यांचं काय करायचं? माणूस आणि गिनिपिग निदान चार-साडेचार हजार वर्षं एकत्र राहत आले आहेत आणि त्यातला बहुतेक काळ या प्रश्नाचं उत्तर चुलीवर शिजलं. दोन नरांनी एका घरात जन्मभर गुण्यागोविंदानं नांदावं, ही अपेक्षा माणसानं अगदी अलीकडे धरली.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या भागातले नकोसे झालेले गिनिपिग नर माझ्याकडे येऊ लागले. कुणी दुकानातून ‘जोडी’ म्हणून दोन पिल्लं आणतं, दोन्ही नर निघतात, काही आठवड्यांत एकमेकांच्या मागे लागतात आणि घरची माणसं धास्तावतात. अशा प्रत्येक घराला मी या प्राण्याचा इतिहास सांगते. नरांच्या ज्या वागण्याला लोक घाबरतात, ते वागणं कुठून आलं हे कळलं की पुढे काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

सुरुवात दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ रानापासून करावी लागते. तिथे जंगली कॅव्ही राहतात: दाट झुडपांच्या आधारानं गवतातून वाटा पाडणारे, करड्या-तपकिरी रंगाचे, अंगानं सडपातळ प्राणी. त्यांच्यात एक नर एक-दोन माद्यांजवळ राहतो आणि दुसऱ्या प्रौढ नराला जवळपास फिरकू देत नाही. मोकळ्या रानात हारलेला नर पळून जातो आणि प्रकरण तिथेच मिटतं. तेच दोन नर बंदिस्त जागेत ठेवले, तर पळायला वाट उरत नाही आणि गोष्ट जखमांवर जाते. आपल्या पाळीव नराचं मूळ घराणं हे असं आहे.

अँडीज पर्वतातल्या लोकांनी या प्राण्याला घरात आणलं आणि घरात म्हणजे थेट स्वयंपाकघरात. तिथे त्याला ‘कुई’ म्हणतात. चुलीजवळच्या उबेला, जमिनीवर मोकळे फिरणारे कुई, त्यांना भाजीचे देठ, मक्याची पानं, लसूणघास घालणाऱ्या बायका आणि मुलं, हे दृश्य पेरू, बोलिव्हिया आणि इक्वाडोरच्या खेड्यांत आजही दिसतं. कुईचं मांस सणावाराला आणि पाहुण्याला. वैदू आजाऱ्याच्या अंगावरून कुई फिरवून रोगाचं निदान करतो. दक्षिण पेरूमध्ये एल याराल नावाच्या ठिकाणी चिरिबाया संस्कृतीच्या लोकांनी साधारण हजार वर्षांपूर्वी घराच्या जमिनीखाली कुई पुरून अर्पण केले. तिथल्या कोरड्या हवेत त्यांची शरीरं केसांसकट टिकली. कुस्कोच्या मोठ्या चर्चमध्ये १७५३च्या सुमाराला मार्कोस सापाता या चित्रकारानं येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र काढलं, त्यात मधल्या ताटात पाय वर करून ठेवलेला प्राणी बहुतेकांच्या मते कुईच आहे.

या स्वयंपाकघरात जादा नराचा प्रश्न उरतच नव्हता. पाहुणा आला की अंगानं भरलेला कुई उचलला जायचा. पेरूतल्या पशुतज्ज्ञांनी पुढे याच प्रथेला दोष दिला. सगळ्यांत मोठे प्राणी आधी खाल्ले किंवा विकले गेले, लहानखुरे मागे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या जात खुजी होत गेली, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हिशेबात हा तोटा होता. मला मात्र या प्रथेत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती माझा तर्क म्हणूनच सांगते. पायाखाली, चुलीशेजारी, मुलाबाळांत वावरणाऱ्या प्राण्यांमध्ये सतत चावाचावी करणारा नर कुठल्या गृहिणीनं फार दिवस ठेवून घेतला असेल? तो आधी भांड्यात गेला असणार. जो नर दुसऱ्या नराशी जमवून घ्यायचा, त्याची पिल्लं त्या घरात राहिली. तुमच्या-माझ्या घरातला नर अशा शेकडो पिढ्यांच्या निवडीतून आला आहे.

या तर्काला आधार देणारा एक प्रयोग जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात झाला. नॉर्बर्ट साख्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगली कॅव्ही तीसेक पिढ्या बंदिवासात वाढवले. इतक्या पिढ्यांनंतरही त्यांचं वागणं आणि शरीरातली संप्रेरकं रानातून नुकत्याच आणलेल्या कॅव्हींसारखीच राहिली. नुसत्या पिंजऱ्यानं प्राणी माणसाळत नाही, त्यासाठी निवड लागते आणि फार मोठा काळ लागतो. पाळीव गिनिपिग आणि जंगली कॅव्ही यांची तुलना केली तेव्हा पाळीव प्राणी कमी भांडखोर, एकमेकांशी जास्त सलगी करणारे, जास्त आवाज करणारे आणि तणाव सहन करणारे निघाले. नरांचा प्रियाराधनाचा नाचही पाळीव प्राण्यांत जास्त ठळक. म्हणजे भांडण कमी झालं आणि प्रदर्शन वाढलं. हे वाक्य मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून ऐकवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

युरोपात गिनिपिग सोळाव्या शतकात पोचला. स्विस निसर्गतज्ज्ञ कॉनराड गेस्नर यानं १५५४मध्ये त्याचं वर्णन केलं. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत १५८०च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात तीन श्रीमंत मुलं आहेत आणि मधल्या मुलीच्या हातात पांढऱ्या-तपकिरी रंगाचा गिनिपिग आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या हिल हॉल या वाड्यात त्याच काळातला गिनिपिगचा सांगाडा सापडला. ताटातला प्राणी इथे मांडीवर आला. जपण्याजोगी, मिरवण्याजोगी ती परदेशी चीज होती.

मग प्रयोगशाळा आली. फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात गिनिपिगला बर्फाच्या वेढ्यात ठेवून त्याच्या शरीराची उष्णता मोजली आणि श्वसन हे मंद ज्वलन आहे हे दाखवलं. रॉबर्ट कॉखनं १८८२मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तो गिनिपिगांना टोचून. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०६मध्ये सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावून गिनिपिगांची घराणी वाढवायला घेतली आणि १९१५पासून स्यूअल राइट या शास्त्रज्ञानं त्या नोंदींतून आनुवंशिकतेचे मोठे सिद्धान्त काढले. ‘क’ जीवनसत्त्वाकडे नेणारी वाटही इथूनच गेली. होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी १९०७मध्ये नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांना स्कर्व्ही होतो हे दाखवलं. आज आपण त्यांना रोज भोपळी मिरची किंवा पेरूची फोड देतो, त्यामागे ते मेलेले प्राणी आहेत.

मुंबईवर तर गिनिपिगांचं थेट ऋण आहे. १८९६मध्ये मांडवीत प्लेग दिसला आणि शहर रिकामं होऊ लागलं. तो पसरतो कसा, हे मात्र पुढे कित्येक वर्षं ठरत नव्हतं. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या प्लेगनं मेलेल्या गिनिपिगांच्या अंगावर उंदरांवरच्या पिसवा शोधून काढल्या आणि १९०५मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी प्लेग आयोगाचं काम सुरू झालं. प्लेगच्या घरांतून माणसं हलवल्यावर त्या खोल्यांत गिनिपिग मोकळे सोडत. ते पिसवा अंगावर गोळा करत आणि त्यातल्या कितीकांना प्लेग होई. परळला खास बांधलेल्या कोठ्यांत आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले गेले. पिसवा नसल्या, तर शेजारी खाऊन-झोपूनही रोग पसरत नाही आणि पिसवा असल्या की पसरतो, हे तिथे सिद्ध झालं. मुंबईत, पुण्यात ज्यांच्या घराण्यांनी प्लेगमध्ये माणसं गमावली, त्या आपण सगळ्यांनी या प्राण्याच्या सुखाचा थोडा विचार करणं हे ऋण फेडणंच आहे, असं मी मानते.

प्रयोगशाळेनं आणखी एक सवय मागे ठेवली. प्रयोगात प्राणी मोजायचा, टोचायचा, नोंदायचा असतो. दोन नर भांडले तर प्रयोग बिघडतो, म्हणून वयात आलेला नर वेगळ्या पिंजऱ्यात. मांसासाठी पाळणाऱ्यांचाही हिशेब असाच राहिला. पेरूच्या लिलिया चौका यांनी १९९७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी कुईपालनावर पुस्तक लिहिलं. त्यातली पद्धत अशी, की दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद हौद्यात एका नराबरोबर सात-दहा माद्या ठेवायच्या. बाकीचे नर वयात येऊन एकमेकांना चावू लागतात, त्यांची कातडी खराब होते, वजन वाढत नाही. म्हणून त्याआधी ते विकायचे किंवा खच्ची करायचे. शेतकऱ्याच्या जागी हे बरोबरच आहे. पण दुकानदार आणि हौशी पाळणारे यांच्यापर्यंत यातून एवढीच समजूत पोचली की दोन नर एकत्र राहूच शकत नाहीत.

ही समजूत ज्यांनी तपासून पाहिली, त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत जॉन किंग यांनी १९५६मध्ये मोकळ्या अंगणात सोडलेल्या पाळीव गिनिपिगांच्या समाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे साख्सर यांनी मोठ्या बंदिस्त जागेत अख्खा समाज वाढू दिला. प्राणी थोडे होते तोवर नरांची सरळ उतरंड होती: पहिला, दुसरा, तिसरा. संख्या वाढली तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की मारामाऱ्या वाढतील. झालं उलटंच. समाजाचे छोटे गट पडले. प्रत्येक गटाचा एक मुख्य नर, त्याच्या माद्या आणि काही दुय्यम नर. मुख्य नर एकमेकांच्या गटाचा मान राखू लागले.

हे शहाणपण जन्मजात होतं का? साख्सर यांच्या पुढच्या प्रयोगांनी त्याचं उत्तर दिलं. समाजात वाढलेले नर आणि एकटे वाढलेले किंवा एकाच मादीबरोबर वाढलेले नर त्यांनी अनोळखी जागेत अनोळखी नरासमोर आणले. समाजात वाढलेल्या दोघांनी एकमेकांना हुंगलं, थोडी ऐट दाखवली, कोण वरचढ ते ठरवलं आणि संपलं. एकटे वाढलेले मात्र तुटून पडले. हारलेल्याच्या रक्तात तणावाचं संप्रेरक चढलं, वजन उतरलं. फरक पडला तो वयात येण्याच्या काळानं. समाजातला पोरसवदा नर त्या वयात मोठ्या नरांच्या वाट्याला जातो, मार खातो, माघार घेतो आणि माघार घेऊनही जगता येतं हे शिकतो. कोल्हापूरच्या तालमीत नवा मुलगा आधी थोरल्यांच्या हातून पाठ टेकायला शिकतो, तशीच ही तालीम. ज्याला ती मिळाली नाही, त्याला हारायचं कसं हेच ठाऊक नसतं आणि जिंकल्यावर थांबायचं कुठे हेही.

आणखी एक जुना प्रयोग इथे आठवतो. खच्ची केलं की सगळं मिटेल, असं बरेचजण धरून चालतात. कॅन्सस विद्यापीठात विल्यम यंग आणि जेरोम ग्रंट यांनी १९५२मध्ये नर गिनिपिगांची लैंगिक वर्तणूक आधी मोजली, मग त्यांना खच्ची केलं आणि नंतर सगळ्यांना सारखंच नर-संप्रेरक टोचलं. प्रत्येक नर आपापल्या मूळच्या पातळीवर परतला: मंद तो मंद, तीव्र तो तीव्र. हा प्रयोग भांडणांचा नव्हता, पण संप्रेरकाच्या मात्रेपलीकडे प्रत्येकाचा स्वतःचा पिंड असतो, हे त्यानं पक्कं दाखवलं. वयात यायच्या आधी खच्ची केलेला नर माद्यांच्या कळपात ठेवण्याची पद्धत जर्मनीत चांगली रुळली आहे. पण दोन प्रौढ नरांचं भांडण शस्त्रक्रियेनं सुटेलच, या भरवशावर राहू नये.

आणि मग एकविसाव्या शतकात कायदाही बदलला. स्वित्झर्लंडनं २००८मध्ये प्राणिसंरक्षणाच्या नियमांत गिनिपिग एकटा ठेवू नये, त्याला जातभाईची सोबत हवी, असं लिहिलं. ज्या देशातल्या माणसानं या प्राण्याचं युरोपात पहिल्यांदा वर्णन केलं, त्याच देशानं त्याच्या सोबतीचा हक्क कायद्यात घातला. पिल्लं नको असतील आणि शस्त्रक्रिया करणारा जाणता डॉक्टर जवळ नसेल, तर सोबत म्हणजे दोन माद्या किंवा दोन नर. आपल्याकडे लहान प्राण्यांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अजून मोजक्याच शहरांत आहेत. त्यामुळे जादा नर आता चुलीवर जात नाही, दुसऱ्या नराशेजारी राहायला येतो. हजारो वर्षांत पहिल्यांदाच त्याला पूर्ण आयुष्य मिळतंय, पाच-सात वर्षांचं.

ते आयुष्य सुखाचं करण्याचं काम आपलं. आमच्या इमारतीतला एक मुलगा गेल्या पावसाळ्यात त्याचे दोन नर माझ्याकडे घेऊन आला. एक जुना, एक नवा.

“काकू, हा सारखा घुमतो, कंबर हलवत त्याच्याभोवती फिरतो आणि त्याच्या अंगावर चढतो. वेगळे करू का?”

“रक्त आलंय कुठे?” मी विचारलं.

“नाही.”

“खालचा खातो का? निजतो का?”

“खातो. पण ओरडतो फार.”

“ओरडू दे. तो ‘मी हारलो’ म्हणतोय. ते त्याला म्हणू दे.”

घुमणं, डुलत चालणं, अंगावर चढणं, मागचा भाग जमिनीला घासून वास ठेवणं, नाक वर करून उभं राहणं, हा सगळा त्या वाढलेल्या प्रदर्शनाचा भाग आहे. ते मध्येच तोडलं तर निकाल लागत नाही आणि पुन्हा भेटले की दोघे पहिल्यापासून सुरू करतात. दात कटकटावणं हा इशारा. दोघेही कटकटावत, अंगावरचे केस फुलवून समोरासमोर ताठ उभे राहिले आणि कुणीच मागे सरेना, तर लक्ष द्यायचं. झेप घेऊन चावा बसला, दोघांचा गोळा होऊन लोळू लागला किंवा रक्त आलं, तर लगेच सोडवायचं आणि तेही उघड्या हातानं कधीच नाही. जाड टॉवेल टाकायचा किंवा केराची सुपली मध्ये घालायची. हारलेला खात नसेल, कोपऱ्यातून हलत नसेल, वजन उतरत असेल, तर रक्त नसलं तरी ती जोडी जमलेली नाही. म्हणून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मी जवळ ठेवते. डोळ्यांना चांगली दिसणारी जोडीही कधी कधी काट्यावर खरं सांगते.

भेट घडवायची ती दोघांनाही परक्या जागेत, खूप मोकळ्या. मी हॉल रिकामा करते, जुनी चादर अंथरते आणि मधोमध वाळल्या गवताचा ढीग टाकते. खाणारं तोंड भांडत नाही. आडोशाला खोकी ठेवते, पण प्रत्येकाला दोन दारं कापून, म्हणजे रानातल्या हारलेल्या नरासारखी पळायला वाट राहते. पाण्याच्या बाटल्या दोन, कोथिंबिरीच्या जुड्या दोन, सगळंच दोन. मादीचा वास जवळपास नको. दुपारच्या उकाड्यात हे कधी करू नये, कारण गिनिपिगला उष्मा सोसत नाही. जमलं की दोघांना एकाच धुतलेल्या, नव्यानं मांडलेल्या घरात ठेवायचं, निदान चौरस मीटरभर जागेत. पुढचे काही दिवस घुमणं चालू राहील, वयात येणाऱ्या नरांत तर महिनोन्‌महिने अधूनमधून उफाळेल. ते चालायचंच.

त्या मुलाचे दोन्ही नर आज एकत्र आहेत. पण माझी खरी तळमळ त्याच्या आधीच्या टप्प्याची आहे. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करावं लागतं, नाहीतर ते आईलाच गाभण करू शकतं. दुकानदार नेमका तेव्हा त्याला एकट्या पिंजऱ्यात टाकतो आणि सगळी तालीम तिथेच बुडते. माझ्याकडे आलेलं असं पिल्लू मी एखाद्या शांत, वयस्क नराजवळ ठेवते. बहुतेक प्रौढ नर पिल्लाला सामावून घेतात, वेळ आल्यावर त्याला जागा दाखवतात आणि पुढे तो दुसऱ्या घरी गेला की तिथल्या नराशी वागायचं कसं हे घेऊन जातो. पिल्लं पैदा करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी एवढं जरी केलं, तरी ‘दोन नर पटत नाहीत’ म्हणून टाकून दिलेले प्राणी बऱ्याच अंशी कमी होतील. नराला भांडण त्याच्या रानातल्या पूर्वजांनी दिलं, समजूत त्याला अँडीजच्या स्वयंपाकघरात मिळाली. ती समजूत प्रत्येक पिढीत थोरल्याकडून धाकट्याकडे जावी लागते आणि त्या दोघांना काही महिने एकत्र राहू देणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.